लॅमिनेट केलेले जपानी पान

पान लॅमिनेट करून आणले होते, ही पहिली अडचण. ज्या कागदावर दुरुस्ती करायची शक्यता असते, तो कागद कोणी प्लास्टिकमध्ये बंद करत नाही. पण तिवश्याच्या झेरॉक्सच्या दुकानात ते काम दोन मिनिटांत होते, आणि कागद शेतात न्यायचा होता. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ओल असते, म्हणून लॅमिनेट.

आणणारा गृहस्थ माझ्या जुन्या ओळखीचा. अकोल्याच्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षे काम केले, त्या काळात तो तिवसा भागातून बातम्या पाठवायचा. घरची फुलशेती आणि सोबत वार्ताहरकी. माणूस चपळ, बातमीला सर्वांत आधी पोचणारा, पण घाईत अर्धे वाक्य गिळणारा. एकदा वादळानंतर त्याचा फोन आला, ‘चाळीस पडले.’ डेस्कवरून विचारावे लागले, चाळीस काय? घरे, खांब की माणसे? तेव्हा कळले, संत्र्याची झाडे. दैनिक सुटले, मी अमरावतीला घर केले, त्याने वार्ताहरकी सोडून पूर्ण वेळ शेती धरली. फुले घेऊन अमरावतीच्या बाजारात आला की अधूनमधून तो घरी डोकावतो. त्या दिवशी सकाळी सोबत बायकोही होती.

“भाऊ, हे वाचून द्या,” त्याने पान टेबलावर ठेवले.

पानाच्या मध्यभागी एक फोटो होता. शेवंतीचे लांबच लांब वाफे आणि त्यांवर ओळीने टांगलेले दिवे. फोटोखाली मजकूर होता, पण तो कोणत्याच भाषेत नव्हता. डोक्यावर टोपी घातलेला ए, दोन टिंबांचा यू, उलटे प्रश्नचिन्ह, आणि सगळीकडे पेरलेले एक चिन्ह: लहानसे वर्तुळ, चार कोपऱ्यांना चार पाय फुटलेले. या गर्दीत अधूनमधून आकडे मात्र स्वच्छ दिसत होते. ‘22:00’, ‘2:00’, आणि खालच्या परिच्छेदात ‘50’. पन्नासभोवती लाल शाईचा गोल होता. गोल काढून मग लॅमिनेट केले होते.

मी विचारले, ही भाषा कोणती?

“ते तुमी सांगा. मले आकडे समजले, बाकी समजाची गरज नाई पडली.”

“गरज नाई पडली म्हनूनच तं पस्तीस दिवस झाले आमच्या वावरात लगन चालू हाये,” वहिनी म्हणाल्या. “रोज रात्री दिवे. लोक मले रस्त्यात थांबवून इचारतात, काहो, वरात कवा हाये?”

प्रकार असा होता. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंती कळी धरते. रात्रीच्या मधल्या काही तासांत दिवे लावले, तर झाडाला रात्र लहान वाटते. ते वाढत राहते, कळी धरत नाही. दिवे बंद केले की कळीची तयारी सुरू होते. म्हणजे फूल कधी यावे, हे बऱ्याच अंशी बटण ठरवते. ही युक्ती त्याने कुठेतरी ऐकली, मोबाइलवर फोटो शोधले, आणि हे पान सापडले. मोबाइलने भाषांतर करून पाहिले, तर चिन्हांचे भाषांतर चिन्हांतच झाले. मग झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतले आणि आकड्यांवर भरवसा ठेवला. रात्री दहा ते दोन दिवे लावायचे, आणि ते पन्नास दिवस. बांबू रोवून घरच्या लाइनीवर बल्ब टांगले.

चार वाफे होते. त्यांतला विहिरीपलीकडचा चौथा वाफा वहिनींच्या वांग्यांचा. यंदा तो त्यांनी शेवंतीला दिला होता, एका अटीवर.

“दिवाईले फूल आलं पायजे,” त्या म्हणाल्या. “लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बाजारात गेलं तं फूल. दुसऱ्या दिवशी गेलं तं तो पाला हाये. नाई आलं तं चारही वाफे माये. वांगे, मेथी, जे लावीन ते. मंग यायनं त्या फोटोतच शेवंती पाहावं.”

“आयकलं ना भाऊ? घरातच इरोधी पक्ष,” तो म्हणाला.

मी कॅलेंडर पाहिले. लक्ष्मीपूजनाला त्रेपन्न दिवस होते. त्याचे पन्नास पूर्ण व्हायला अजून पंधरा रात्री लागणार होत्या. तो हिशेब त्यानेही केला होता. दिवे बंद झाल्यावर महिनाभरात फूल येईल, असा त्याचा अंदाज होता. अंदाजाला आधार काय, असे विचारल्यावर त्याने पानाकडे बोट दाखवले. पानात तीसचा आकडा कुठेच नव्हता.

म्हणजे सगळा प्रश्न एका शब्दाचा होता. पन्नास कशाचे? तो शब्द पानावर होता, फक्त वाचता येत नव्हता.

त्यानंतरचा अर्धा तास मी चुकीच्या कामात घालवला. ती चूक आमच्या पिढीच्या मराठी डेस्कवरची आहे, म्हणून सांगतो. आमच्या काळात संगणकावरचे मराठी म्हणजे रोमन अक्षरांना देवनागरीचे कपडे. आत एखादे इंग्रजी चिन्हच साठवलेले असायचे. फॉन्ट त्याला ‘क’ किंवा ‘म’ करून दाखवायचा. तालुक्यावरून आलेली फाइल उघडली आणि पडद्यावर कंस, टक्के, टोपीवाली अक्षरे दिसली, की एकच आरोळी उठायची: फॉन्ट टाका. फॉन्ट टाकला की बातमी वाचता यायची. शंभरातल्या नव्याण्णव वेळा हाच उपाय लागू पडायचा, त्यामुळे दुसरा उपाय असतो हे कोणी शिकलेच नाही.

मीही तेच केले. पानाच्या तळाशी छापलेला पत्ता प्लास्टिकखाली शाबूत होता. रोमन लिपीतला, आणि त्यात जपानची खूण. पत्ता टाकून मूळ पान संगणकावर उघडले. तोच गोंधळ. जपानी फॉन्ट शोधले, बसवले, संगणक बंद करून सुरू केला. चार पायांची वर्तुळे जिथल्या तिथे.

“डेस्कवर अजून फॉन्टच टाकून राहिले का?” त्याने विचारले. वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला आणि घड्याळ पाहिले. बाजारात झेंडूची पोती उतरवून ते आले होते. गाडी परत जायची वेळ होत आली होती.

मग मी करायला हवे होते ते केले. पान नीट पाहिले.

फॉन्ट नसता तर पडद्यावर रिकामे चौकोन दिसले असते. संगणकाला अक्षर कोणते ते माहीत असते, पण त्याचे चित्र त्याच्याकडे नसते. अशा वेळी तो चौकोन काढतो. इथे चौकोन नव्हते. अक्षरे पूर्ण उमटली होती, फक्त भलत्याच लिपीची. म्हणजे चित्रांचा तुटवडा नव्हता. ओळख चुकली होती. संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे एक तक्ता ठरवतो. असे तक्ते अनेक आहेत आणि आपण कोणत्या तक्त्याने लिहिले आहे, हे पानाने स्वतः सांगायचे असते. हे पान जुने होते आणि त्याने काही सांगितले नव्हते. म्हणून ब्राउझरने आपल्या सवयीचा, पश्चिम युरोपचा तक्ता लावला आणि टोपीवाली अक्षरे आली. इंग्रजी आकड्यांची जागा मात्र यांतल्या बहुतेक तक्त्यांत एकच असते. त्यामुळे सगळा मजकूर मोडला तरी 22, 2 आणि 50 उभे राहिले. त्या पानाची सगळ्यांत फसवी गोष्ट तीच होती. पूर्ण मोडले असते, तर त्याने पान फेकून दिले असते.

दुसरी खूण त्या वर्तुळाची. प्रूफ वाचलेल्या माणसाला पुनरावृत्ती लवकर दिसते. चार पायांचे वर्तुळ बऱ्याच ओळींत एकाआड एक येत होते. वर्तुळ, काहीतरी, वर्तुळ, काहीतरी. याचा अर्थ एक अक्षर दोन जागा घेत होते. जपानी तसेच लिहिले जाते. इतकी अक्षरे एका जागेत मावत नाहीत. मजकूर शाबूत होता. फक्त जोड्या फोडून वाचला जात होता.

मोबाइलवर त्याच्याकडे याच मजकुराची आणखी एक प्रत होती. दुकानदाराने तो उचलून संदेशात चिकटवला आणि त्याला पाठवला होता. त्याने आग्रह धरला की ती वापरा, त्यात मोठे अक्षर आहे. मी नकार दिला. त्या प्रतीत ठिकठिकाणी नुसती प्रश्नचिन्हे होती. टोपीवाल्या अक्षरामागे मूळ आकडा अजून असतो आणि योग्य तक्ता लावला की तो उलगडतो. प्रश्नचिन्हाचे तसे नाही. तिथे मूळ आकडा पुसून त्या जागी खरेच प्रश्नचिन्ह लिहिले गेलेले असते. ते कोणत्याही तक्त्याने परत येत नाही. दुरुस्ती नेहमी मूळ प्रतीवर करायची, नकलेच्या नकलेवर नाही, हे डेस्कवर शिकलेले इथे जसेच्या तसे लागू होते.

माझ्या ब्राउझरमध्ये तक्ता हाताने निवडायची सोय उरलेली नाही; नव्या आवृत्त्यांनी ती काढून टाकली. म्हणून पान जसे होते तसे संगणकावर उतरवले, त्याची एक प्रत बाजूला ठेवली, आणि दुसरी साध्या मजकूर-संपादकात उघडली. तिथे एन्कोडिंगची, म्हणजे या तक्त्यांची, यादी मिळते. जपानीसाठी जुने तक्ते तीन. जास्त चालणारा पहिल्यांदा लावला. टोपीवाली अक्षरे गेली आणि जपानी दिसणारी अक्षरे आली.

“आलं!” तो उठून उभा राहिला. “भाऊ, आलं पाहा!”

आले नव्हते. मला जपानी येत नाही, पण न येणाऱ्या भाषेतही मजकूर आहे की कचरा, हे तपासता येते. पडद्यावर सगळी अक्षरे एकाच अंगाची होती, अरुंद आणि टोकदार, डासांची रांग बसल्यासारखी. फोटोत पाहिलेल्या जपानी मजकुरात दाट रेघांची अक्षरे असतात, त्यांच्यामध्ये गोलाईची मोकळी अक्षरे असतात, आणि वाक्याच्या शेवटी लहानसे पोकळ टिंब असते. इथे वाक्य कुठे संपते, तेच दिसत नव्हते. हे सांगितल्यावर तो खाली बसला.

दुसरा तक्ता लावला. पडदा एका क्षणात बदलला. दाट आणि मोकळी अक्षरे मिसळलेली, ओळींच्या शेवटी पोकळ टिंबे, आणि 50 हा आकडा बरोबर एका वाक्याच्या मध्यावर. पडताळा म्हणून शेवंतीसाठीचे जपानी अक्षर शब्दकोशात पाहिले. ते एकच अक्षर आहे. पानाच्या शीर्षकात ते होते, आणि खाली पुन्हा पुन्हा येत होते. मजकूर खरा होता, याबद्दल मला आता शंका राहिली नाही. तो युनिकोड या आजच्या सर्वमान्य तक्त्यात नव्या नावाने साठवला आणि भाषांतराला दिला. एकदा इंग्रजीत करून पाहिले, एकदा थेट मराठीत. मराठी ओबडधोबड होते, पण ज्या वाक्याशी आमचा संबंध होता, ते दोन्हीकडे एकच निघाले.

दिवे बंद केल्यानंतर सुमारे पन्नास दिवसांनी फूल उमलते.

मी वाक्य दोनदा वाचून दाखवले. आधी बोलल्या त्या वहिनी.

“म्हंजे दिवे पन्नास दिवस जाळायचे नाई. इझवल्यावर पन्नास मोजायचे.”

“हो.”

“आन दिवाईले त्रेपन्न हायेत.”

“हो.”

“मंग आज इझवले तं तीन दिवस हाती राहतात. आन यायच्या मनानं चाललं असतं तं?” त्यांनी बोटांवर मोजले नाही, उत्तर त्यांना आधीच माहीत होते. “दिवाई झाल्यावर दोन हप्त्यानं फूल. फराळ संपल्यावर पाहुणा.”

तो पानाकडे पाहत होता, लॅमिनेट केलेल्या. लाल गोल त्याने स्वतः काढला होता. शेवटी त्याने वार्ताहराच्या जुन्याच भाषेत विचारले, “भाऊ, पक्कं काय? छापाचं काय?”

मी सांगितले की पान काय म्हणते, एवढ्याचीच हमी देतो. शेवंती काय म्हणेल, ते दुसऱ्या सूत्राकडून घ्यावे लागेल. अकोल्यात माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी आयुष्यभर उद्यानविद्या शिकवली. त्यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून स्पीकर सुरू ठेवला. त्यांनी आधी वाण विचारला, मग लागवडीची वेळ, मग झाडांची उंची. वार्ताहराने उत्तरे दिली. या वेळी एकही वाक्य अर्धे नव्हते.

“जपान्यांचे पन्नास त्यांच्या हवेतले,” प्राध्यापक म्हणाले. “आपल्याकडे उष्णता जास्त, त्यात कळी रेंगाळते. पन्नासचे पंचावन्नही होतात. कोणी दिवे लावून बसलंय का तुमच्याकडे?”

“मीच बसलो सर,” तो म्हणाला.

“मग उठा. आज रात्री लावू नका.”

फोन ठेवल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, छापा, पण ‘सुमारे’ घालून.

ते दोघे निघाले. जाताना त्याने लॅमिनेट केलेले पान उचलले नाही. वहिनींनी उचलले आणि पिशवीत घातले. पुरावा म्हणून, असे त्यांनी सांगितले.

त्या रात्री दिवे बंद झाले, असे मी धरून चाललो होतो. ते तीन चतुर्थांश खरे होते, हे पुढे कळले. वार्ताहराच्या सवयी जात नाहीत. एका कागदावर त्याने एकदा विश्वास ठेवला आणि फसला. दुसऱ्या कागदावर पूर्ण विश्वास ठेवायची त्याची तयारी नव्हती. तीन वाफ्यांचे दिवे त्याने काढले. विहिरीपलीकडच्या चौथ्या वाफ्याची वायर वेगळी होती. तिथे त्याने स्वतःचे पन्नास पूर्ण केले, पंधरा रात्री आणखी. दोन बातम्या, दोन्ही छापून पाहाव्या, हा त्याचा युक्तिवाद. चौथा वाफा वहिनींचा होता, हे त्याच्या लक्षात आले नाही की आले, याची चौकशी मी केली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिवश्याला गेलो. आदल्या दोन दिवसांत त्याचे फोन वाढले होते. कळ्या फुगल्या, रंग दिसतो, पण उघडत नाहीत. एकावन्नाव्या दिवशी एकही फूल नव्हते, आणि त्या दिवशी फोनवर वहिनींचा आवाज मागे ऐकू आला. वांग्याच्या बियाण्याची चौकशी चालली होती. बावन्नाव्या दिवशी, मी पोचलो तेव्हा, पहिल्या तीन वाफ्यांत पांढरे दिसत होते. सगळे नाही. चारातली तीन झाडे फुलली होती, चौथे अर्धवट होते. बाजाराला तेवढे पुरेसे असते. अर्धवट उघडलेले फूल वाटेत टिकते. वाफ्यांत पाच-सहा बाया वाकून तोडणी करत होत्या. तो टोपल्या उचलत होता आणि मोठ्याने बोलत होता.

विहिरीपलीकडे चौथा वाफा हिरवागार उभा होता. झाडे इतरांपेक्षा हातभर उंच. हरभऱ्याएवढ्या कळ्या, घट्ट मिटलेल्या.

वहिनी त्या वाफ्याच्या बांधावर उभ्या होत्या. “पाहून घ्या भाऊ. हा यायचा पन्नास.”

“तपासनी होती ते,” तो टोपली घेऊन जाता जाता म्हणाला. “खातरी कराले लागते.”

“तपासनी मायाच वाफ्यात काहून? तुमच्या वाफ्याले काय धाड भरली होती?”

टोपलीवाल्या बायांपैकी एक मोठ्याने हसली. निवाडा तिथेच झाला. तीन वाफ्यांनी अट पाळली, ते शेवंतीकडे राहिले. चौथ्याने पाळली नाही, तो पुढच्या हंगामापासून वांग्यांकडे. दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी तिथली फुले उमलली. प्राध्यापकांना ते कळवले तेव्हा त्यांनी फक्त वाण पुन्हा विचारला आणि लिहून घेतला.

त्या दिवशी निघण्याआधी त्याने मला मोटारीच्या खोलीत नेले. स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळ्याला एक नवे पान टांगले होते. मी दुरुस्त करून पाठवलेली प्रत त्याने छापून घेतली होती, तेच पान, तोच फोटो, आता पूर्ण जपानीत. लाल गोल या वेळी नव्हता. पानाखाली त्याने मराठीत एक ओळ लिहिली होती: दिवे इझवल्यावर सुमारे पन्नास दिवस. ‘सुमारे’ला खाली रेघ होती. आणि हे सगळे पुन्हा लॅमिनेट केलेले होते.

मी विचारले, मराठी ओळ आहे, मग जपानी पान कशाला?

वहिनी दारात होत्या. उत्तर त्यांनी दिले. “मी ठेवाले लावलं. पयलं पान कोनाले वाचता येत नव्हतं आन ते चुकीचं व्हतं. हेबी कोनाले वाचता येत नाई, पन बरोबर हाये. उद्या यायले पुन्हा शंका आली तं दाखवाले पायजे ना.”

जुने पानही होते. ते त्यांनी फेकले नव्हते. विहिरीपलीकडच्या वाफ्यावर, बांबूला बांधून, पाखरे हाकायला लावले होते. प्लास्टिक उन्हात चमकत होते, आणि चार पायांची वर्तुळे लांबूनही ओळखू येत होती.